वीज कायद्याच्या वकिलाला खाण कायदा का लागतो

मुंबईत विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, तिच्या महाविद्यालयात खाण कायदा आणि ऊर्जा कायदा हे दोन निरनिराळे ऐच्छिक विषय आहेत आणि त्यांतला एकच घेता येतो. तिला पुढे वीज क्षेत्रात वकिली करायची आहे. खाण कायदा सोडून दिला तर चालेल का, आणि या दोन कायद्यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय, असा तिचा प्रश्न आहे. वीज नियामक आयोग आणि अपिलीय न्यायाधिकरण यांच्यापुढे वीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यानंतर या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देऊ इच्छितो, कारण हाच प्रश्न मला माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पडायला हवा होता आणि तो पडला नाही.

विषय ऊर्जा कायद्याचाच घ्या, परंतु खाण कायदा स्वतःच्या वेळात वाचा. कायद्याच्या कलमांत हे दोन्ही कायदे एकमेकांची फारशी दखल घेत नाहीत. त्यांची गाठ पडते ती करारांत आणि विजेच्या दरात. खाण कायद्याने दिलेला किंवा काढून घेतलेला प्रत्येक हक्क शेवटी रुपये-पैशांच्या रूपात वीज कायद्याच्या दारात येतो, आणि तो भार कोणी सोसायचा एवढ्या एका प्रश्नावर आमच्या क्षेत्रातील निम्म्याहून अधिक मोठे वाद उभे आहेत.

आधी मुळाशी जाऊ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खाणी आणि वीज या वेगवेगळ्या सूचींत आहेत. खाणींचे नियमन आणि खनिज विकास हा विषय संघ सूचीच्या नोंद ५४ मध्ये आहे, खनिज तेल नोंद ५३ मध्ये आणि अणुऊर्जेसाठी लागणारी खनिजे नोंद ६ मध्ये आहेत. राज्य सूचीच्या नोंद २३ ने राज्यांनाही खाणींविषयी अधिकार दिला आहे, पण संसदेने जितके क्षेत्र स्वतःकडे घेतले तितका तो आक्रसतो. वीज मात्र समवर्ती सूचीच्या नोंद ३८ मध्ये आहे. म्हणजे जमिनीखालचा कोळसा प्रामुख्याने केंद्राच्या कायद्याखाली येतो, आणि तोच कोळसा बॉयलरमध्ये जाऊन त्याची वीज झाली की ती केंद्र आणि राज्य या दोघांच्या अधिकारात येते. खनिजाची मालकी हा आणखी वेगळा भाग आहे. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ ने खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे ठेवला आहे. म्हणून खाणपट्टा देण्याचे नियम केंद्राचे असले तरी स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दल द्यावी लागणारी रॉयल्टी, राज्याच्या तिजोरीत जमा होते.

इतिहासातील एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. १९४८ साली केलेला खाणी व खनिजांचा कायदा कोळसा, लोखंड आणि खनिज तेल या सर्वांना एकत्र लागू होता. १९५७ मध्ये खाणी व खनिजे (विकास आणि नियमन) अधिनियम आला, तेव्हा तेल सोडून बाकीची खनिजे या नव्या कायद्यात गेली आणि जुन्या कायद्याला तेलक्षेत्रांचा कायदा असे नाव मिळाले. आपण आज ज्याला ‘ऊर्जा कायदा’ म्हणतो त्यातील तेल-वायूची शाखा आणि ज्याला ‘खाण कायदा’ म्हणतो ती शाखा एकाच पोटची भावंडे आहेत. वीज कायद्याचा वंश निराळा आहे. १९१०, १९४८, १९९८ अशा टप्प्यांनी तो विद्युत अधिनियम, २००३ पर्यंत आला, आणि त्याच्या केंद्रस्थानी सुरुवातीपासून पुरवठा आणि ग्राहक आहेत.

या दोन वंशांची प्रकृती वेगळी आहे, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेचसे समजते. खाण कायदा विचारतो की ही संपत्ती कोणाची, ती काढण्याचा हक्क कोणाला द्यायचा आणि त्याबद्दल जनतेच्या तिजोरीत किती यायला हवे. वीज कायदा विचारतो की ही सेवा कोणाला, किती भरवशाने आणि किती वाजवी दरात मिळायला हवी. पहिल्याला खनिजाची किंमत शक्य तितकी जास्त यावीशी वाटते, तर दुसऱ्याला तीच किंमत कमी हवी असते. दोन्ही हेतू जनहिताचेच आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यातील ताण एखाद्या कलमाने मिटवता येत नाही.

विद्युत अधिनियम वाचताना तुम्हाला कोळसा भेटेल तो कलम ३ मध्ये, जिथे राष्ट्रीय वीज धोरण आखताना कोळसा, नैसर्गिक वायू, अणुइंधन, जलशक्ती आणि अपारंपरिक स्रोत यांचा सर्वोत्तम वापर व्हावा असे म्हटले आहे. त्यानंतर इंधनाची खरी वाट उघडते ती कलम ६२ च्या पोटकलम ४ मध्ये. विजेचा दर एका आर्थिक वर्षात सामान्यतः एकापेक्षा अधिक वेळा बदलता येत नाही, पण इंधन अधिभाराच्या सूत्रानुसार होणारा बदल त्याला अपवाद आहे. हे एका वाक्याचे पोटकलम म्हणजे खाणीपासून तुमच्या घरापर्यंत येणारा पूल आहे. घरातील विजेचे बिल काढून पाहा. तुम्ही दादरला राहत असाल तर ते बेस्टचे असेल, अंधेरीला असाल तर अदानीचे किंवा टाटांचे, आणि मुलुंड-भांडुपकडे असाल तर महावितरणचे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्या जवळ ‘इंधन समायोजन आकार’ अशी ओळ असते. काही महिने तिच्यासमोर शून्य असते, काही महिने युनिटमागे काही पैसे. एखाद्या खाणीत पावसाचे पाणी शिरणे, कोळशाची किंमत वाढणे किंवा रेल्वेच्या वाघिणी न मिळणे यांपैकी जे काही झाले असेल, ते नियामक आयोगाच्या सूत्रातून गाळून त्या ओळीत उतरते. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक कनिष्ठ वकिलाला मी पहिल्या दिवशी स्वतःच्या घरचे बिल आणायला सांगतो.

आता मुख्य भागाकडे येऊ. औष्णिक वीज प्रकल्पाच्या कोणत्याही वादात टेबलावर दोन करार असतात. एक इंधन पुरवठा करार, जो प्रकल्प आणि कोळसा कंपनी यांच्यात होतो आणि ज्याच्यामागे खाण कायदा व कोळसा मंत्रालयाचे धोरण उभे असते. दुसरा वीज खरेदी करार, जो प्रकल्प आणि वितरण कंपनी यांच्यात होतो आणि ज्यावर नियामक आयोगाची देखरेख असते. हे दोन करार वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी आणि बहुधा एकमेकांना न विचारता लिहिलेले असतात. वादाचे मूळ जवळजवळ नेहमी या दोघांच्या मधल्या फटीत सापडते.

काही वर्षांपूर्वी मी विदर्भातील एका वीज प्रकल्पाच्या बाजूने उभा होतो. इंधन करारानुसार कोळशाची किंमत खाणीच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याच्या उष्मांकावर, म्हणजे एक किलो कोळशातून किती किलोकॅलरी उष्णता मिळते यावर, ठरत होती. आपल्याकडे २०१२ पासून औष्णिक कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर होते आणि जी-१ पासून जी-१७ पर्यंत श्रेणी आहेत. वीज खरेदी कराराखालील दर मात्र प्रकल्पात प्रत्यक्ष पोहोचलेल्या कोळशाच्या उष्मांकावर मोजला जात होता. हिशोब साधा आहे. एक युनिट वीज काढायला २४०० किलोकॅलरी उष्णता लागते असे धरा. कोळसा ४८०० उष्मांकाचा असेल तर अर्धा किलो पुरतो, आणि ४००० उष्मांकाचा असेल तर सहाशे ग्रॅम जाळावा लागतो. बिल ४८०० चे आले आणि वाघिणीतून ४००० चा माल उतरला, तर मधल्या शंभर ग्रॅमचे पैसे कोणी द्यायचे? कोळसा कंपनी म्हणत होती की आमच्या दारातला नमुना बरोबर होता. वितरण कंपनी म्हणत होती की निकृष्ट कोळशाचा बोजा ग्राहकावर टाकू नका. माझ्या पक्षकाराने इंधन करारातील फेरतपासणीची मुदत महिनोन्‌महिने पाळली नव्हती, कारण कोळसा स्वीकारणारा विभाग वेगळा होता आणि दर मागणारा विभाग वेगळा. आयोगाने नेमके तेच विचारले, आणि त्या मुदतीच्या काळातील रक्कम आम्ही गमावली. त्या दिवशी कफ परेडच्या सुनावणी कक्षातून बाहेर पडताना मला एक गोष्ट पक्की कळली, की वीज कायद्याचा वकील म्हणवून घेणाऱ्याने इंधन कराराचे नमुना-तपासणीचे कलम आधी वाचले पाहिजे आणि दराचे कलम नंतर. एक जाता जाता सांगतो. बहुतेक राज्यांत कोळशावरील स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे, म्हणजे श्रेणी फुगली की स्वामित्वधनही फुगते आणि त्यावरील जिल्हा खनिज प्रतिष्ठानची, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीची, वर्गणीही. चूक एकाच ठिकाणी झालेली असते, पण ती प्रत्येक पायरीवर वाढत जाते.

यापुढचा भेद फार महत्त्वाचा आहे. दर कलम ६२ खाली आयोगाने खर्चाच्या आधारे ठरवला असेल, तर वाजवी इंधनखर्च सामान्यतः ग्राहकाकडून वसूल होतो. दर कलम ६३ खाली स्पर्धात्मक बोलीने ठरला असेल, तर बोलीत जे लिहिले तेच बांधील ठरते, आणि त्यातून बाहेर पडण्याच्या वाटा दोनच उरतात, ‘कायद्यातील बदल’ किंवा ‘अनिवार्य आपत्ती’ (कोणाच्याही हाताबाहेरचे संकट). गुजरातमधील मुंद्रा येथील ४००० मेगावॉटच्या प्रकल्पाने युनिटमागे सुमारे २ रुपये २६ पैसे इतक्या समतल दराची (कराराच्या सर्व वर्षांचा मिळून काढलेल्या सरासरी दराची) बोली लावली होती, आणि त्याच्या विजेतील ७६० मेगावॉटचा वाटा महाराष्ट्राचा होता. कोळसा इंडोनेशियातून येणार होता. इंडोनेशियाने २०१० मध्ये नियम बदलून निर्यातीचा भाव आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी बांधला, आणि बोलीचे सारे गणित कोलमडले. एका परक्या देशाच्या खाण कायद्याने मुंबई-पुण्याच्या वीज खरेदी करारावर एवढा आघात केला, याहून या दोन विषयांच्या नात्याचे स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ रोजी याच वादावरील एनर्जी वॉचडॉग प्रकरणात दोन भाग केले, आणि ते दोन्ही तुम्हाला तोंडपाठ हवेत. इंडोनेशियाचा कायदा बदलणे हा करारातील ‘कायद्यातील बदल’ नव्हे, कारण तेथे ‘कायदा’ म्हणजे भारतातील कायदा. शिवाय इंधन महाग झाले म्हणून करार पार पाडणे अशक्य झाले असे होत नाही, त्यामुळे ती अनिवार्य आपत्तीही नव्हे. मात्र भारतातील कोळसा वाटप धोरण बदलले, तर तो ‘कायद्यातील बदल’ ठरतो. २००७ च्या धोरणात प्रकल्पांना ठरलेल्या गरजेच्या १०० टक्के कोळशाचे आश्वासन होते. २०१३ मध्ये ते बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या उरलेल्या चार वर्षांसाठी ६५, ६५, ६७ आणि ७५ टक्के असे खाली आले. उरलेला कोळसा बाहेरून महाग घ्यावा लागला, त्याची भरपाई मागण्याचा हक्क प्रकल्पांना मिळाला. कोळसा मंत्रालयाच्या धोरणातील एक टक्केवारी बदलली आणि तिच्यावरून पुढची अनेक वर्षे वीज आयोगांपुढे, न्यायाधिकरणापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे खटले चालले, त्यांत महाराष्ट्रातील तिरोड्याच्या प्रकल्पाचाही खटला होता. माझ्या मते न्यायालयाची ही रेषा योग्य आहे. व्यापारी जोखीम ज्याने जाणूनबुजून पत्करली त्याने ती सोसावी, पण शासनाने दिलेले आश्वासन शासनानेच मोडले तर त्याचा फटका एकट्या उत्पादकावर पडू नये.

खाणपट्टाच नाहीसा झाला तर काय होते, हे २०१४ ने दाखवले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनोहरलाल शर्मा प्रकरणात १९९३ पासूनचे कोळसापट्ट्यांचे वाटप मनमानी आणि बेकायदा ठरवले, आणि २४ सप्टेंबरला २१८ पैकी २१४ पट्टे रद्द केले. उत्पादन सुरू असलेल्या खाणींना काढलेल्या कोळशावर टनामागे २९५ रुपये भरावे लागले. हे सारे वाटप बहुतांशी वीज, पोलाद आणि सिमेंट प्रकल्पांच्या स्वतःच्या वापरासाठी होते, म्हणजे खाणीचा हक्क ज्वलनाच्या जागेला बांधलेला होता. त्यानंतर २०१५ चा कोळसा खाणी (विशेष तरतुदी) अधिनियम आणि लिलाव आले. वीज प्रकल्पांसाठीच्या त्या लिलावांत बोलीदाराने पट्टा मिळवण्यासाठी जो जादा मोबदला कबूल केला, तो विजेच्या दरातून वसूल करता येणार नाही अशी अट होती. खाण कायद्याच्या लिलावाने वीज कायद्याच्या दराला आधीच घातलेले हे कुंपण होते, आणि ज्यांनी ते गांभीर्याने वाचले नाही त्यांना ते महागात पडले. उलट दिशेनेही असेच झाले. वीज कंपनीची स्वतःची खाण असेल तर त्या कोळशाची आतली किंमत किती धरायची, हे आता केंद्रीय वीज नियामक आयोगाचे विनियम ठरवतात. म्हणजे खाणीतील यंत्रसामग्री, खाण बंद करण्याचा खर्च आणि उत्खननाचा ठेका यांची तपासणी वीज आयोग करतो. २०२० च्या दुरुस्तीने व्यापारी खाणकामाला वाट मिळाली, आणि स्वतःच्या वापरासाठीच्या खाणींतून खुल्या बाजारात विक्री करण्याची मुभा २०२१ मध्ये ५० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ च्या दुरुस्तीने त्याहून पुढे गेली. खाण आणि वीजकेंद्र यांना बांधणारा जुना दोर सैल होत आहे, आणि त्यांच्यातील नाते अधिकाधिक बाजारातून व करारांतून जाणार आहे.

करांच्या बाबतीत मला मनापासून काळजी वाटते. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिज हक्कांवर व खनिजयुक्त जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. १९८९ चा इंडिया सिमेंटचा निर्णय त्यामुळे बाद झाला. १४ ऑगस्टच्या आदेशाने राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनच्या व्यवहारांवर मागणी करता येते, आणि ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत वसूल व्हायची आहे. खाणींच्या राज्यांच्या दृष्टीने हा न्याय्य निर्णय आहे. ज्यांची जमीन खणली जाते त्यांना वाटा मिळालाच पाहिजे. पण महाराष्ट्राची वीजकेंद्रे विदर्भात खाणी असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीबरोबरच छत्तीसगड आणि ओडिशाच्या खाणींतूनही कोळसा आणतात. तिकडच्या विधिमंडळाने बसवलेला कर इथल्या बिलात येईल, आणि त्या करावर इथल्या ग्राहकाचे कोणतेही मत घेतलेले नसेल. जुन्या वर्षांची मागणी आजच्या ग्राहकाकडून वसूल करावी का, हा प्रश्न आयोगांना सोडवावा लागेल. उलट दिशेचे उदाहरणही ताजे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरील टनामागे ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला आणि वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. यातून जिथे निव्वळ बचत होते तिथे ती ग्राहकाला परत मिळाली पाहिजे, कारण ‘कायद्यातील बदल’ हे कलम दोन्ही दिशांनी चालते.

तेल आणि वायूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मुंबईकराला ते समोरच दिसते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये मुंबई हाय सापडले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार समुद्राखालची ती संपत्ती केंद्राची आहे, राज्याची नाही. मुकेश अंबानींची रिलायन्स इंडस्ट्रीज आणि अनिल अंबानींची रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस (आरएनआरएल) यांच्यातील वाद मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला आणि ७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूची किंमत आणि वाटप यांवर शासनाचे धोरण चालेल, दोन भावांमधील कौटुंबिक समझोता नव्हे. त्या वायूवर वीज प्रकल्प उभा राहायचा होता. मालकीचा नियम इथे ऊर्जेच्या किमतीचा नियम झाला, आणि हा निर्णय दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी वाचावा.

अणुऊर्जेत दोन्ही टोके एकाच हातात ठेवण्याची परंपरा होती. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाखाली युरेनियमचे खनिज आणि तारापूरच्या विजेचा दर हे दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या कक्षेत होते, आणि विद्युत अधिनियमाच्या कलम १७३ ने म्हणूनच त्या कायद्याला वाट करून दिली. त्याच कलमात रेल्वे आणि ग्राहक संरक्षणाचे कायदे आहेत, परंतु खाण कायद्याचा उल्लेख नाही.

शेवटी, सौर आणि पवन ऊर्जा आली म्हणून खाण कायद्याचे काम संपेल असे काही विद्यार्थी मला सांगतात. २०२३ च्या दुरुस्तीने २४ खनिजे महत्त्वाची म्हणून वेगळी काढली, त्यांच्या पट्ट्यांचा लिलाव केंद्राकडे दिला आणि लिथियमला अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढले. बॅटरीसाठी लिथियम लागते, पवनचक्कीच्या चुंबकासाठी दुर्मीळ मृदा खनिजे लागतात. उद्या साठवणुकीच्या वीज करारात बॅटरीची किंमत वाढली म्हणून कोणी दरवाढ मागितली, तर तिथेही वाद त्याच जागी येईल जिथे मुंद्र्याचा आला होता.

तुमच्या वाचनासाठी मी एवढेच सुचवीन. विद्युत अधिनियमाची कलमे ६१ ते ६३, १९५७ च्या अधिनियमाची कलमे ९ ते ११अ, वर सांगितलेले चार निर्णय, आणि त्यानंतर कोणत्याही एका प्रकल्पाचा इंधन पुरवठा करार व वीज खरेदी करार शेजारी-शेजारी ठेवून कलमागणिक. आयोगाच्या संकेतस्थळावर दरनिश्चितीचे आदेश जोडपत्रांसह मिळतात. त्यांतून इंधनाचा भाग शोधा, आणि त्या टनांचा माग काढत एकदा खाणीपर्यंत जा.